बाजार चौकातल्या भिंतीवर चित्र काढून पाहिजे, कलावंत कुठे भेटेल? (मदत हवी आहे)

शिवार_झरी
नमस्कार. गाव झरी जामणी तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. मी ग्रामपंचायत सदस्य आहे. आठवडी बाजाराच्या चौकात लांब भिंत आहे, तिच्यावर गावाचं चित्र काढायचा ठराव ग्रामसभेत झाला. कपाशी, बैल, कोलाम पोड (कोलाम आदिवासींची वस्ती), बाजार, सगळं आलं पाहिजे. पोळ्याच्या आत व्हावं, कारण तोरण तिथेच बांधतात आणि सगळं गाव तिथे जमतं. शहरात विचारलं तर एक जण फ्लेक्स छापून लावून देतो म्हणाला. फ्लेक्स नको, हाताने काढलेलं पाहिजे. चौरस फुटाला भाव काय आणि माणूस कुठे मिळेल एवढंच सांगा. लवकर.

रंगकाम_वणी
भाऊ, भिंत किती लांब-उंच? तोंड कोणत्या दिशेला? गिलावा कधीचा? हे न विचारता जो भाव देईल त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

मोझरीचा_सेवक
भिंतीवरचा रंग किती दिवस टिकते बाप्पा? त्यापरीस चौकात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा पुतळा बसवा. लोक सकाळी उठून हात जोडतात. चित्राले कोण हात जोडते?

निवृत्त_विस्तार_अधिकारी
पुतळ्याचं नाव काढण्याआधी 2017 चा शासन निर्णय वाचा. जिल्हाधिकाऱ्यांकडची परवानगी लागते, पुतळ्याच्या मातीच्या प्रतिकृतीला कला संचालनालयाची मान्यता लागते. रस्त्यावर तर नाहीच, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2013 मध्येच सार्वजनिक रस्त्यांवर पुतळ्यांना परवानगी देऊ नका म्हणून सांगितलं आहे. आणि ऑगस्ट 2024 मध्ये मालवणला शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला, ते सगळ्यांनी पाहिलं.

शिवार_झरी
पुतळा विचारलाच नाही जी. भिंत 60 फूट लांब, 9 फूट उंच. तोंड पश्चिमेला. गिलावा याच उन्हाळ्यात केला, शाळेच्या आवाराची भिंत आहे.

निवृत्त_विस्तार_अधिकारी
शाळा जिल्हा परिषदेची ना? मग भिंतही त्यांची. नुसत्या ग्रामसभेच्या ठरावावर काम धरू नका. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत लेखी परवानगी मागा. पैसा कोणत्या निधीतला? 15 व्या वित्त आयोगाचा (2021-26) असेल तर 60 टक्के बंधित, तो पाणी आणि स्वच्छतेलाच. उरलेल्या अबंधित भागातून विचार करता येईल, पण काम विकास आराखड्यात घेतलेलं असलं पाहिजे.

घरकुल_दारव्हा
आमच्या घरी स्लॅब गळत होता. वर चायना मोझॅक (चिनीमातीच्या फरशीचे तुकडे) केलं, तेव्हापासून थेंब नाही. रंगाच्या आधी छताचं पहा.

रंगकाम_वणी
भिंतीला छत नसतं दादा. आता ऐका. पोळा म्हणजे भर पावसाळा. नवीन सिमेंटात क्षार असतो, तो ओलीबरोबर बाहेर येतो आणि रंगाचे पोपडे काढतो. प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा, सकाळी आत पाणी दिसलं तर रंग लावू नका. भिंत पश्चिमेची, म्हणजे उन्हाळ्यात दुपारनंतरचं सगळं ऊन तिच्यावर. भडक गुलाबी आणि स्वस्त लाल पहिले उडतात. गेरूचा लाल, पिवळ्या मातीचा पिवळा, काळा, हे टिकतात. वरून बाहेरच्या कामाचं क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर. आणि जमीन काळी आहे का? काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, म्हणून भिंतीला तडे जायचा धोका.

वरोऱ्याची_ताई
शिवार_झरी, चित्र कोणत्या शैलीत? वारली नका करू. वारली पालघरकडची, इकडे सगळ्या शाळांवर तीच दिसते. तुमच्याकडे गोंड समाज आहे, गोंड चित्रकला करा.

पांढरकवडा_मास्तर
ताई, आज जी गोंड चित्रकला म्हणतात तिला आकार दिला जनगढसिंह श्याम यांनी, ते पाटणगढचे, मध्यप्रदेशातल्या दिंडोरी जिल्ह्यातले परधान गोंड. तीही दुसऱ्याकडूनच आणल्यासारखी होईल. झरी तालुक्यात कोलाम आहेत. आधी पोडावरच्या बायांना बसवून विचारा की त्यांना भिंतीवर काय पाहिजे. कलावंत नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात विचारा, पण कच्चं रेखाटन पोडावर दाखवल्याशिवाय हातात ब्रश देऊ नका.

वरोऱ्याची_ताई
परधान आपल्याकडेही आहेत मास्तर. वारलीपेक्षा तरी जवळचं. पण पोडावर विचारायचं पटलं.

वकिलीण_वर्धा
करार कागदावर करा, गाव लहान असलं तरी. रेखाटनाचे पैसे वेगळे, टप्पे कोणते, दोन वर्षांत रंग उडाला तर कोण दुरुस्त करेल आणि भिंत पाडायची वेळ आली तर कलावंताला आधी कळवायचं. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारने 1979 मध्ये काढून गोदामात टाकलं होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 मध्ये सरकारला ते शिल्प सहगल यांना परत द्यायला आणि 5 लाख रुपये भरपाई द्यायला लावली. चित्र विकत घेतलं तरी कलावंताचे काही हक्क त्याच्याकडेच राहतात.

शिवार_झरी
जमीन काळीच आहे. दक्षिणेच्या कोपऱ्यात तिरपा तडा गेला आहे, गवंडी म्हणे बुजवून देतो. निधी अबंधित आहे, काम आराखड्यात आहे, शाळेची परवानगी उद्याच मागतो. पण बाप्पा, पोळ्याला चौक रिकामा दिसणार, पोरं विचारतात.

रंगकाम_वणी
तडा नुसता बुजवू नका, दर उन्हाळ्यात तो पुन्हा उघडेल. पंचायत समितीच्या अभियंत्याला पाया दाखवा, पाणी भिंतीपासून दूर काढा. पोळ्याला पोरांना बाजूच्या ओट्यावर खडूने बैल काढू द्या, पावसाने धुतले तरी हरकत नाही. भिंत दिवाळीनंतर घ्या, तोवर पोडावर जाऊन या. भाव रेखाटन पाहिल्यावर सांगतो, तडा आणि भिंतीचा फोटो टाका.