तुर्की शिकताना काय काय झालं? अनुभव लिहा

भाचा अंकाराला निघालाय. तुर्कस्तान सरकारची शिष्यवृत्ती आहे, पहिलं वर्ष नुसतं भाषेचं. व्याकरणाचं पुस्तक घेऊन दिलंय. पुस्तकात नसतं ते तुम्ही सांगा.

इस्तंबूलहून
वर्गात कझाक मुलं सुसाट. त्यांची भाषा तुर्कीच्याच कुळातली. पण त्यांच्यामागोमाग मी होतो, तो मराठीच्या जिवावर! क्रियापद शेवटी. 'गेल्दिन मि?' म्हणजे 'आलास का?', 'का'सुद्धा जागच्या जागी. चहा-बिहाला 'चाय माय'. 'मिश' प्रत्ययाशी सगळा वर्ग झटत होता: स्वतः न पाहिलेल्या, ऐकीव गोष्टीसाठी तो लागतो. मी मनात 'म्हणे' लावलं. गेल्मिश, आला म्हणे. सुटलं! अडलो ते स्वरांपाशी. घरं 'एव्लेर', पण शाळा 'ओकुल्लार'. आधीच्या स्वराप्रमाणे प्रत्यय बदलतो. बोलताना ते अजूनही चुकतं.

कोन्याहून
ओळखीच्या शब्दांपासून सांभाळा. 'फकात' म्हणजे फक्त नव्हे, 'पण'. बसस्थानकावर एका आजोबांना ऐटीत सांगितलं, 'मिसाफिरिम'. मला म्हणायचं होतं, मुसाफिर आहे. तुर्कीत मिसाफिर म्हणजे पाहुणा. त्यांनी विचारलं, 'कुणाचा?' मला उत्तर देता येईना. मग त्यांनीच चहा पाजला.

इझमीरहून
तेय्झे मावशी, हाला आत्या, दायी मामा, अम्जा काका. वर्गातली जर्मन मैत्रीण वैतागायची, मला मात्र माहेरी आल्यासारखं वाटलं. आणि बाजारातली कुठलीही अनोळखी बाई तेय्झेच. सर्वात आवडलं ते 'कोलाय गेल्सिन', काम सोपं जावो. दुकानदार, ड्रायव्हर, झाडूवाला, कामात दिसेल त्याला जाताजाता म्हणायचं. सुट्टीत घरी आले, सोसायटीत झाडणाऱ्या मावशी समोर आल्या आणि तोंडात मराठी शब्दच येईना. नुसती हसले.

अंकाराहून
भाचा शाकाहारी असेल तर नीट वाचा. 'एत योक', मांस नाही, एवढ्यावर थांबू नका. 'एत' म्हणजे बहुतेकांच्या मनात मेंढी नाहीतर गाय-बैल; माझ्यापुढे कोंबडी आली होती. मसुरीच्या सूपातही कधीकधी हाडांचा रस्सा असतो. ऑलिव्ह तेलातल्या थंड भाज्या मागा, 'झेयतिनयाली'. त्यावर मी अख्खा हिवाळा काढला.

पुन्हा इस्तंबूल
एक राहिलंच. चहा पुरे झाला की चमचा पेल्यावर आडवा ठेवायचा. मला हे सातव्या पेल्यानंतर कळलं.