मे महिन्यात टर्बोचा दम जातो : १.० टीएसआय, स्टेज १, नागपूर

वर्धारोड_टीएसआय

राजेहो, मदत पाहिजे. गाडी २०२१ ची फोक्सवॅगन पोलो १.० टीएसआय (टर्बो पेट्रोल), सहा गिअरची मॅन्युअल. कंपनीतून ११० पीएस ताकद आणि १७५ एनएम टॉर्क. दिवाळीनंतर स्टेज १ रीमॅप केला, म्हणजे इंजिनच्या संगणकाचा प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवली, ट्यूनरने १३५ पीएस सांगितले. हिवाळ्यात गाडी अशी पळाली की सकाळी सहाला फक्त चालवायला म्हणून बाहेर पडायचो. दुसऱ्या गिअरला २२०० आरपीएमच्या पुढे पाठ सीटला चिकटायची.

मे लागला अन् गाडीत जीवच उरला नाही. दुपारी सदरहून निघतो, छत्रपती चौकाच्या सिग्नलपर्यंत एसी फुल, आणि सिग्नल सुटल्यावर पाय दाबला तर रीमॅपच्या आधीची गाडी बरी वाटते. रात्री नऊनंतर थोडी सुधारते. स्कॅनर लावला, एकही फॉल्ट कोड नाही. एक मित्र म्हणतो समोर मोठा इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा थंड करणारा) बसव, दुसरा म्हणतो टर्बोच मोठा टाक. बजेट एक लाखापर्यंत. शर्यत वगैरे लावत नाही, पण रविवारी छिंदवाड्याकडे सिल्लेवानी घाटात जायची हौस आहे. आधी काय करू?

छावणी_रेव्ह

मोकळा डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) टाक आणि स्टेज २ मार भाऊ. एक्झॉस्ट मोकळा झाला की टर्बो लवकर फिरतो. आवाजही मस्त येतो.

लिनिया११४

वर्धारोड भाऊ, एक लाख तूर्तास बँकेतच राहू द्या. आधी गाडीत काय होऊन राहिलंय ते बघू.

मी हिंगण्याला एमआयडीसीत एअर कॉम्प्रेसरच्या देखभालीचं काम करते, आणि घरी टर्बोवाली १.४ टी-जेट फियाट लिनिया आहे. म्हणजे हवा दाबली की ती तापते, हे माझ्या रोजच्या कामातलं आहे. आमच्या शेडमध्ये सकाळच्या पाळीत गुमान चालणारं मशीन मे महिन्यात दुपारी दोनला हाय टेम्परेचरवर ट्रिप होतं. मशीन तेच, दाब तोच, फक्त आत जाणारी हवा बदललेली. तुमचा टर्बो म्हणजे एक कॉम्प्रेसरच आहे, त्यामुळे हिशोब तोच लागतो.

समजा टर्बो हवेचा दाब दुप्पट करतोय आणि त्याची कार्यक्षमता ७० टक्के आहे. डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांची हवा आत गेली तर बाहेर पडताना ती साधारण १०० अंशांची होते. मे महिन्यातली ४५ अंशांची हवा गेली तर बाहेर येते १४५ च्या आसपास. बाहेर फरक ३३ अंशांचा होता, टर्बोच्या पलीकडे तो चाळीसच्या वर गेला. वर आपल्याकडची गरम हवा मुळातच विरळ, डिसेंबरच्या पहाटेपेक्षा १० टक्क्यांनी हलकी. ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, हवेचं तेवढंच वस्तुमान सिलिंडरमध्ये भरायचं असतं, म्हणून तो टर्बोला आणखी पळवतो. टर्बो जास्त पळाला की हवा आणखी तापते.

आता खरा मुद्दा. गरम हवेने सिलिंडरमध्ये नॉकिंगचा धोका वाढतो. ठिणगी पडल्यावर ज्योत पसरायच्या आधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेट घेतं आणि पिस्टनवर हातोडा बसतो. नॉक सेन्सर हे ऐकतो आणि ईसीयू ठिणगी उशिरा टाकतो, गरज पडली तर बूस्टही (टर्बोचा दाब) उतरवतो. तुम्हाला जो मेलेपणा जाणवतो तो हाच. बिघाड नाही म्हणून कोडही नाही. ईसीयू तुमचे पिस्टन वाचवून राहिला आहे. कोणी ट्यूनर म्हणाला की तापमानाची ही कपात मॅपमधून काढून टाकतो, उन्हाळ्यातही गाडी पळेल, तर तिथून किल्ली उचला आणि घरी या. हे मी अगदी कळकळीने सांगते. माझ्या ओळखीतल्या एका गाडीचा पिस्टन असाच रिंगेच्या वरच्या कडेला तुटलेला पाहिला आहे, तोही एप्रिलमध्येच.

समोर मोठा इंटरकूलर बसवायचं म्हणाल, तर तुमच्या गाडीत तो समोर नसतोच. माझ्या टी-जेटमध्ये इंटरकूलर हवेवर चालतो. तुमच्या ईए२११ इंजिनमध्ये तो इनटेक मॅनिफोल्डच्या आत, पाण्यावर चालणारा आहे. त्या पाण्याचं सर्किट वेगळं, कमी तापमानाचं. त्याला स्वतःचा विजेवरचा पंप आणि पुढच्या जाळीमागे स्वतःचा छोटा रेडिएटर. टर्बोपासून सिलिंडरपर्यंतचा रस्ता आखूड राहावा म्हणून ही रचना केली आहे, आणि २२०० ला जी पाठ चिकटते त्यात तिचा वाटा आहे. ती काढून समोर हवेचा इंटरकूलर आणि दोन हात लांब पाइप टाकलेत तर ती सगळी पोकळी दाबाने भरायला वेळ लागेल. गावात चालवायच्या गाडीला हा सौदा मला पटत नाही.

याच पाण्यावर टर्बोची बेअरिंगही थंड होते. म्हणून जोरात चालवून लगेच सिग्नलला थांबलात की टर्बोची सगळी उष्णता त्याच पाण्यात उतरते, समोरून वारा नाही, आणि तिथेच एसीचा कंडेन्सर आपली उष्णता ओततोय. छत्रपती चौकातून निघाल्यावर पहिला जोर का मिळत नाही, याचं उत्तर तिथे आहे.

आता करायचं काय, तर आधी लॉग काढा. हजार-दीड हजाराचा ब्लूटूथ ओबीडी डोंगल (इंजिनचे आकडे मोबाइलवर पाठवतो तो) आणि मोबाइलवर ॲप पुरे. इनटेक एअर टेम्परेचर (आत जाणाऱ्या हवेचं तापमान), इग्निशन ॲडव्हान्स (ठिणगी किती आधी पडते) आणि बूस्ट, एवढंच बघायचं. शेजारी कोणीतरी बसवा, चालवताना तुम्ही मोबाइलकडे बघू नका. तिसऱ्या गिअरला पाय पूर्ण दाबून २००० पासून ५००० आरपीएमपर्यंत एक पूल (ओढ) घ्या, एकदा दुपारी, एकदा पहाटे, रस्ता तोच ठेवा. आकडे टाका, मग बोलू.

छावणी भाऊंना एक सांगते. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच डाउनपाइपमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो. ते बेकायदा आहे, आणि इथे प्रश्न आत येणाऱ्या हवेचा आहे, बाहेर जाणाऱ्या नाही.

वर्धारोड_टीएसआय

ताई, खूप आभार. इतकं नीट कोणी समजावलं नव्हतं. शनिवारी भावाला सोबत घेऊन शिवमडक्याहून समृद्धीवर चढलो आणि येळाकेळीला उतरलो, वेग १२० च्या आतच. बाहेर ४३ होतं.

टोलच्या रांगेत एसी लावून उभा असताना इनटेक ६८ दाखवत होता. शंभरने पाच-सहा मिनिटं चालल्यावर ५४ वर आला. तिथून तिसऱ्या गिअरचा पूल केला तर ६३ पर्यंत चढला, ॲडव्हान्स शेवटी गडबडला, वरखाली होत राहिला. रविवारी पहाटे बाहेर २९ असताना तोच पूल केला. सुरुवात ३८ ने, शेवट ४६ ने, आणि ॲडव्हान्सची रेघ स्वच्छ चढत गेली. पहाटे गाडी पुन्हा डिसेंबरची वाटली.

अजून एक. ट्यूनरने हवेचा साधा फिल्टर काढून उघडा कोन फिल्टर लावून दिला होता, तो ठेवू का?

लिनिया११४

छान लॉग काढलेत. चालत्या गाडीत बाहेरच्या तापमानापेक्षा ९ ते ११ अंश वर, म्हणजे सर्किट जिवंत आहे, पंप चालतोय. पूलमध्ये ८-९ अंश चढतंय, तेही समजण्यासारखं आहे. उभ्या गाडीचे ६८ मात्र मला जास्त वाटतात, आणि तिथे तुमच्या उघड्या कोनचा हात आहे. तो बॉनेटच्या आतली भाजकी हवा ओढतो. कंपनीचा डबा पुढच्या जाळीजवळून बाहेरची हवा घेतो. आवाज जाईल, पण डबा परत बसवा आणि त्यात चांगला कागदी फिल्टर टाका. पैसे जवळपास लागणारच नाहीत.

मग पुढचा बंपर सोडवून घ्या. जाळीतून टॉर्च मारून दिसतं ते पुरेसं नसतं, घाण दोन रेडिएटरच्या मधल्या फटीत बसते. आमच्याकडे कूलर उघडला की फिन्समध्ये सरकीचा कापूस, धूळ आणि तेल मिळून जाड थर निघतो. बोटाने उचलला तर अख्खी पट्टी हातात येते. विदर्भात जिनिंगच्या ट्रकमागून फिरणाऱ्या गाड्यांचंही तेच होतं, शिवाय समृद्धीवर रात्री आदळणारे किडे. प्रेशर वॉशरचा फवारा जवळून मारू देऊ नका, फिन्स आडव्या पडतात. आतून बाहेर, हलक्या पाण्याने, मऊ ब्रशने. कूलंट कधी बदललं असेल तर त्या छोट्या सर्किटमधली हवा स्कॅनरने पंप चालवून काढली का, हेही विचारा.

तिसरं, ट्यूनरला हे दोन्ही लॉग दाखवा आणि नागपूरच्या उन्हाळ्यासाठी मॅप मागा. वरच्या आरपीएमला थोडा बूस्ट कमी, मधल्या भागात जोर तसाच. कागदावर पीएस कमी दिसतील, पण दुपारी मिळणारा जोर वाढेल, कारण ईसीयूला मागे खेचायची वेळच कमी येईल. पेट्रोल एकच ठरवा आणि मॅप त्यावरच करून घ्या. पंपावरचं साधं पेट्रोल आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) आहे. त्याचं ऑक्टेन (नॉकिंग टाळायची क्षमता) जुन्या ९१ पेक्षा बरंच वर गेलं, आणि इथेनॉल वाफ होताना जास्त उष्णता शोषून घेतं, तुमच्या थेट इंजेक्शनच्या इंजिनला नॉकिंगच्या बाबतीत ते सोयीचंच. पण लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या जवळपास दोन तृतीयांशच, म्हणून ॲव्हरेज पडणार. आणि गाडी २०२३ च्या आधीची आहे, तेव्हा इंधनाचे रबरी पाइप सर्व्हिसला बघून घेत चला.

मोठा टर्बो विसरा. तो भरायला उशीर लागेल आणि १७५ एनएमसाठी घेतलेला क्लच आधी सुटेल. इंजिनमध्ये एवढे फेरफार केले की विमा कंपनी हात वर करते, गाडीतल्या फेरफारांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच.

सावनेरकर

ताईंनी इंजिनचं सांगितलं, मी चाकांचं सांगतो. सिल्लेवानीला जाता तर आमच्याच गावावरून जाता.

उन्हाळा आहे म्हणून दोन पॉइंट हवा कमी ठेवा, असं अर्धे पंक्चरवाले सांगतात. अजिबात ऐकू नका. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, वाकला की बाजूची भिंत तापते, आणि समृद्धीच्या काँक्रीटवर १२० ने तासभर तेच चाललं की फुटतो. सकाळी थंड टायरमध्ये दाराच्या स्टिकरवरचा आकडा भरायचा. ३० अंशांना ३२ पीएसआय भरली असेल तर आतली हवा ७० अंशांना पोचेस्तोवर ३८ होते, टायर बनवणाऱ्याने ते धरलेलं असतं. गरम टायरमधून हवा सोडायची नाही. नायट्रोजन भरला तरी दाब वाढतोच. टायरवरचा चार आकडी शिक्का बघा, आठवडा आणि साल. २०२१ च्या गाडीचे पहिलेच टायर असतील तर तुमच्या लाखातले पहिले पैसे इथे घाला.

दुसरं ब्रेक ऑइल. पाच वर्षांत बदललं नसेल तर त्यात पाणी मुरलेलं आहे. नवं डॉट ४ किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं १५५ लाच उकळू शकतं. घाट उतरताना पेडल खाली गेलं की मग काही हातात राहत नाही. दोन वर्षांनी बदलायचंच. आणि उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये राहा, मॅन्युअल घेतली कशासाठी.

वर्धारोड_टीएसआय

सावनेरकर काका, टायर पहिलेच आहेत. या आठवड्यात चारही बदलतो, ब्रेक ऑइलही. ताई, कोन काढला, डबा बसवला. बंपर उघडल्यावर जे निघालं त्याचा फोटो टाकायची लाज वाटते. आज ४४ मध्ये सिग्नलला उभा राहून इनटेक ५९.

एक वाचलं होतं, काही जपानी गाड्यांत कंपनीच इंटरकूलरवर पाणी फवारायची. आपल्याकडे चालेल का?

लिनिया११४

६८ वरून ५९, तेही जास्तीच्या एका अंशात. मस्तच!

हो, सुबारू इम्प्रेझा एसटीआय आणि मित्सुबिशी इव्होमध्ये ती सोय होती. आणि नागपूरच्या मे महिन्याइतकी तिला योग्य हवा मिळणं कठीण. आपल्या घरचा वाळ्याचा कूलर ज्या कारणाने चालतो, तेच कारण. हवा ४५ अंशांची पण कोरडी, पाणी उडताना ओला पृष्ठभाग पंचविशीच्या जवळ जाऊ शकतो. मुंबईच्या दमटात याच फवाऱ्याने फारसं काही होणार नाही, आणि आपल्याकडेही १५ जूननंतर त्याचा उपयोग संपला.

तुमच्या गाडीत फवारा मॅनिफोल्डवर मारून उपयोग नाही, तो छोट्या रेडिएटरवर पडला पाहिजे. काचेवर पाणी मारणारी असते तसली मोटर, दोन लिटरची टाकी, बारीक धुकं करणारे दोन नोझल आणि डॅशखाली एक दाबायचं बटन. तारेला फ्यूज टाका, थेट बॅटरीवरून ओढू नका. बोअरचं पाणी मात्र बिलकुल नको. कूलरच्या गवतावर दर उन्हाळ्यात पांढरा थर बसतो ना, तो फिन्सवर बसला तर हंगामाअखेर रेडिएटरच बदलावा लागेल. आरओचं टाका, डिस्टिल्ड मिळालं तर उत्तम. पूलच्या आधी तीन-चार सेकंद दाबायचं, पूलमध्ये दाबून उपयोग नाही, पाण्याच्या सर्किटला थंड व्हायला तेवढा वेळ लागतो. बसवल्यावर तोच लॉग परत काढा आणि इथे टाका, मला आकडे बघायचे आहेत.