कोल्हापूरच्या शाळांतून डी जीवनसत्त्व सरसकट वाटावं का?

रंकाळाकाठ:
लोहाची गोळी शाळेत देतात, तसंच डी जीवनसत्त्वही द्यावं, असं माझं मत. 2016-18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात 1 ते 4 वर्षांच्या 14 टक्के, 5 ते 9 च्या 18 टक्के आणि 10 ते 19 च्या 24 टक्के मुलांत कमतरता सापडली. वयाबरोबर आकडा चढतो, कारण अंगण सुटतं आणि क्लास लागतो. आहारावर भिस्त ठेवू नका. गरज दिवसाला 600 युनिटची आणि अंड्याच्या एका बलकात मिळतात जेमतेम 40. गंगावेशीत डोळ्यांदेखत पिळलेलं म्हशीचं दूध कॅल्शियम भरपूर देतं, पण डी त्यात नावालाच.

दुपारचं_ऊन:
सरसकट वाटपाला माझा ठाम विरोध. आधी शाळेचं वेळापत्रक बदला. त्वचेत डी तयार करणारे किरण सूर्य चांगला वर आला की मिळतात. साधी खूण: सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड हवी. कोल्हापुरात सूर्य माथ्यावर येतो साडेबाराच्या आसपास. डिसेंबरात सावली आखूड असते ती साधारण सव्वाअकरा ते पावणेदोन, मे महिन्यात साडेनऊ ते साडेतीन. सकाळी सातचं कोवळं ऊन अंगाला बरं वाटतं, पण या कामाला उपयोगाचं नाही. आणि शाळेत खेळाचा तास कधी? पहिला, नाहीतर शेवटचा! तो मधल्या सुट्टीला जोडा. हात-पाय उघडे ठेवून 20-30 मिनिटं, आठवड्यातून तीन-चारदा. एप्रिल-मेमध्ये वेळ कमी, टोपी आणि पाणी सक्तीचं. खिडकीच्या काचेआडून येणारं ऊन धरू नका, काच हे किरण अडवते.

रंकाळाकाठ:
सर, जून ते सप्टेंबर काय करायचं? जुलैत इथं आठ-आठ दिवस आभाळ उघडत नाही. शिवाय सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ लागतो. दहावीचं पोर बाराला मैदानावर येणार कसं?

दुपारचं_ऊन:
डी चरबीत साठतं, त्यामुळे मार्च ते मे नीट साधलं तर पावसाळ्यातली घसरण बरीच आवरते. पूर्ण भरून निघते असं मी म्हणणार नाही.

औषधाची_चिठ्ठी:
दोघांनीही मात्रेचा विषय बाजूला ठेवलाय, आणि घोटाळा नेमका तिथंच होतो. 60,000 युनिटची पुडी आठवड्याला एक, तीही ठरावीक आठवडेच. पालक ती ‘ताकदीची पावडर’ समजून रोज दुधात घालतात. मग उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान, वारंवार लघवी; रक्तात कॅल्शियम चढून मूत्रपिंडाला इजा. थेंबांचंही तसंच: काही बाटल्यांत 1 मिलिलिटरला 400 युनिट, काहींत 800. बाटली बदलली तरी ड्रॉपर तेवढाच भरला जातो, म्हणजे डोस दुप्पट. शाळेत वाटप करायचं तर रोजची 400-600 ची छोटी मात्रा ठेवा. पुडी मुलाच्या हाती घरी पाठवू नका.

रंकाळाकाठ:
पुडीबद्दल ताई म्हणतात ते बरोबर. वाटप छोट्या मात्रेचंच असावं.

नाचणी_सत्त्व:
मुडदूस, म्हणजे मुलांची हाडं मऊ होऊन वाकणं, फक्त डीच्या अभावानं होतो असं धरून चाललाय. आपल्या मुलांच्या ताटात कॅल्शियमही कमी असतं, आणि ते कमी असलं की शरीरातलं डीही लवकर खर्ची पडतं. म्हणून मुडदुसाच्या उपचारात डीबरोबर रोज किमान 500 मिलिग्रॅम कॅल्शियम धरतात. नाचणीच्या 100 ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, दोन पेले दूध: आधी एवढं होऊ द्या. मोफत गोळी आली की ताटाकडे दुर्लक्ष होईल, ही माझी खरी भीती.

औषधाची_चिठ्ठी:
आणि सरसकट रक्ततपासणी नको. ठणठणीत मुलाची तपासणी करून डीचा आकडा 18 (नॅनोग्रॅम, मिलिलिटरला) आला की घर हादरतं. मुलांत 20 च्या वर पुरेसं, 12 च्या खाली कमतरता, मधल्या आकड्याला पुडीची घाई नको. मनगटं रुंद होणं, पाय बाकदार होणं, चालायला उशीर, जिना चढताना मांड्या दुखणं, फिट येणं किंवा फिटची औषधं दीर्घकाळ चालू असणं, अशा मुलांना तपासा. तेही 25 हायड्रॉक्सी, म्हणजे शरीरातला डीचा साठा दाखवणारी, हीच तपासणी. नावं सारखी वाटतात म्हणून भलतीच लिहिली जाते.

दुपारचं_ऊन:
एका बाबतीत मी रंकाळाकाठांच्या बाजूनं आहे. अंगावर पिणाऱ्या बाळाला पहिल्या दिवसापासून वर्षभर रोज 400 युनिट द्यायलाच हवेत. आईच्या दुधात डी फार थोडं असतं आणि तान्ह्या बाळाला दुपारच्या उन्हात ठेवणं योग्य नाही. माझा विरोध शाळेतल्या वाटपाला आहे, तो कायम.

रंकाळाकाठ:
मग आठवी ते दहावीपुरतं, जून ते सप्टेंबर, रोज 400 ची गोळी शिक्षकांसमोर. बाकी वर्ष तुमचा दुपारचा तास. याला तरी हरकत आहे का?

दुपारचं_ऊन:
रविवारचं आणि सुट्ट्यांचं काय, ते आधी सांगा. आणि मूतखड्याचा त्रास असलेली मुलं बाजूला काढायला प्रत्येक शाळेत यादी लागेल. ती झाल्याशिवाय नको.