विषय: गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम, एक सूचना (आणि रंगूनच्या आठवणी)

प्रेषक: जुराँगचा सिव्हिलवाला

मंडळी, नमस्कार.

यंदाची, म्हणजे २०२५ ची, गुरुपौर्णिमा गुरुवारी, १० जुलैला आहे. कार्यक्रम शनिवारी करायचं ठरतंय असं कळलं. दरवर्षीप्रमाणे दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, दोन भाषणं, मग मसालेभात. मसालेभाताला माझा विरोध नाही. बाकीचं जरा बदलता येईल का, एवढंच विचारायचंय.

इथे सिंगापूरला आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी एक बर्मी सहकारी बसतो. सगळे त्याला 'साया' म्हणतात, म्हणजे गुरुजी. इथे येण्याआधी तो रंगूनजवळ इन्सेनला, रंगून इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, काही वर्षं शिकवत होता. तो स्वतःही तिथलाच विद्यार्थी. जुनी माणसं 'आर.आय.टी.' म्हणतात. नंतर रंगूनचं यांगोन झालं आणि कॉलेजही आधी वाय.आय.टी., मग वाय.टी.यू. (यांगोन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी) झालं. पण सायाच्या पिढीला नाव विचारा, 'आर.आय.टी.' हेच येणार.

मागे एकदा तो मला त्यांच्या साया पुझॉ प्वेला घेऊन गेला. आचार्यपूजाच म्हणा. समोर रांगेत खुर्च्या, त्यावर ऐंशी-पंच्याऐंशीच्या घरातले निवृत्त प्राध्यापक, कुणी वॉकर घेऊन, कुणी कानात यंत्र लावून. आणि त्यांच्यासमोर जमिनीवर गुडघे टेकून बसलेले विद्यार्थी. हे विद्यार्थी म्हणजे कोण? सत्तरी गाठलेले, बंदरं बांधलेले, मेट्रोचे बोगदे खणलेले लोक! एकाने मंत्रासारखं काही म्हटलं, बाकीच्यांनी मागोमाग. कायावाचामने आमच्याकडून काही अपराध घडला असेल तर क्षमा करा, असा अर्थ. मग तीनदा कपाळ जमिनीला. बर्मी बौद्धांमध्ये बुद्ध, धम्म, संघ, आईवडील आणि गुरू अशी पाच उपकारकर्त्यांची मांडणी आहे, गुरू थेट त्याच पंगतीत. त्यांची एवढी मोठी सभा पहिल्यांदा भरली ती २००० साली, अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोकडे. कारण सत्तरच्या दशकापासून शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही देशाबाहेर पडत गेले होते.

पण मला लिहायचंय ते पुढचं. प्रत्येक शिक्षकाच्या हातात पाकीट दिलं गेलं. त्यात पैसे. संकोच नाही, भाषण नाही. आणि जे येऊ शकले नाहीत, अंथरुणावर आहेत, त्यांच्या औषधपाण्यासाठी वेगळी वर्गणी. कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, कुणाचं डायलिसिस, सगळी यादी तयार. आम्ही शाली देतो. ज्या गावात थंडीच पडत नाही तिथे शाली.

तर सूचना अशी की सायाचे स्वतःचे एक गुरुजी सध्या मुलाकडे सिंगापूरला आले आहेत, वय ८६. त्यांना बोलवावं.

आपला,
जुराँगचा सिव्हिलवाला

---

प्रेषक: खजिनदार

नमस्कार.

सूचना चांगली आहे, भावनाही पोचल्या. दोन गोष्टी मात्र स्पष्ट करतो.

एक, मंडळाच्या नावाने परदेशातल्या कामासाठी जाहीर वर्गणी गोळा करायची तर इथे परवाना लागतो. तो नसताना टेबलावर डबा ठेवलात तर उद्या उत्तरं मला द्यावी लागतील. दोन, ब्रह्मदेशातल्या इंजिनिअरिंग कॉलेजचा आणि आपल्या मंडळाचा संबंध काय, असं सभासद विचारणार. विचारणारे कोण ते तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही.

शिवाय तिथल्या निवृत्त प्राध्यापकांना पेन्शन असेलच की. सरकारी नोकरी होती ना?

- खजिनदार

---

प्रेषक: क्लेमेंटीच्या काकू

चिरंजीव सिव्हिलवाल्यांस आणि सर्वांस,

मी या यादीवर वाचते फार, लिहीत नाही. आज लिहिते, कारण इन्सेन हे नाव कित्येक वर्षांनी कुणी तरी लिहिलेलं पाहिलं.

आम्ही इन्सेनला राहायचो. वडील बर्मा रेल्वेत ड्राफ्ट्समन. तिथे रेल्वेचा मोठा कारखाना होता आणि आम्हाला क्वार्टर होतं. शेजारी तमिळ, पलीकडे बंगाली, मागे एक अँग्लो-बर्मी कुटुंब. मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे गणपतीत सगळ्यांकडे एकच आरतीचं पुस्तक फिरायचं.

माझा मोठा भाऊ इंजिनिअरिंगला होता. त्याच्या तोंडी तीन कॉलेजं असायची. एक बी.ओ.सी. कॉलेज, ते बर्मा ऑइल कंपनीच्या देणगीतून युद्धाच्या आधी उभं राहिलेलं. दुसरी, स्वातंत्र्यानंतर बांधलेली प्रोम रोडवरची इमारत, तिथे कासवाच्या पाठीच्या आकाराचं सभागृह होतं. लोक त्यालाच 'लेइक खोन' म्हणायचे. ती इमारत पुढे मेडिकलवाल्यांकडे गेली. आणि तिसरं, रशियाच्या मदतीने आमच्या अंगणातच म्हणावं असं उभं राहिलेलं, जोगोनचं. १९६१ साली कॉलेज तिकडे हललं. तेव्हा नाव होतं बर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. आर.आय.टी. झालं ते १९६४ मध्ये. भावाचे मित्र शहरातून गोल फिरणाऱ्या लोकलने यायचे आणि आईच्या हातचे पोहे खाऊन मग वर्कशॉपला जायचे. बर्मी मुलांना पोह्यांत लिंबू फार आवडायचं.

वर्कशॉपचं एक सांगते. पहिल्या वर्षी फिटिंग असायचं. लोखंडाचा तुकडा द्यायचे, तो कानशीने घासून घासून चौरस करायचा. भाऊ घरी आला की तळहात लाल. शिकवणारे एक तरुण साया होते, स्वतःच नुकते पास होऊन लागलेले. ते बोलायचे नाहीत. जॉब हातात घ्यायचे, त्यावर गुण्या ठेवायचे आणि खिडकीकडे धरायचे. फटीतून उजेड दिसला की तुकडा परत हातात. भावाचा तुकडा इतक्यांदा परत आला की शेवटी मूळ मापाच्या पुष्कळ खाली गेला! तेव्हा साया पहिल्यांदा बोलले, 'आता चौरस झालाय, पण आता तो उपयोगाचा नाही. नवीन घे.'

१९६२ च्या मार्चमध्ये लष्कराचे जनरल ने विन सत्तेवर आले. ७ जुलैला विद्यापीठात मुलांवर गोळीबार झाला, आणि दुसऱ्या दिवशी युनियनची इमारतच सुरुंगाने उडवली. वडिलांनी भावाला कित्येक दिवस फाटकाबाहेर जाऊ दिलं नाही. मग दुकानं गेली, बँका गेल्या, १९६४ मध्ये पन्नास आणि शंभरच्या नोटा एका दिवसात रद्द झाल्या, आणि आम्ही लोक लाखोंनी निघालो. बोटीवर चढताना सामान उचकलं जायचं, सोनं काढून घेतलं जायचं. आईचं मंगळसूत्र राहिलं ते कसं, ती वेगळी गोष्ट.

निघायच्या आदल्या आठवड्यात तेच साया घरी आले. लुंगी, वर पांढरा शर्ट, हातात पाकीट. कॉलेजच्या कागदावर टाइप केलेलं पत्र होतं: या विद्यार्थ्याने अमुक वर्षं अभ्यास पूर्ण केला, अमुक विषयांत अमुक गुण. वर्कशॉपचे गुण मात्र शाईने हाताने लिहिलेले, बहुतेक टाइप करताना राहिले असणार. खाली सही-शिक्का. कुणी मागितलं नव्हतं. मद्रासला उतरून आम्ही पुण्याला आलो तेव्हा दाखवायला दुसरा कागदच नव्हता. त्या एका पत्रावर भावाला पुण्यात दुसऱ्या वर्षाला घेतलं. ते पत्र अजून माझ्या वहिनीकडे आहे.

तेव्हा खजिनदारांना सांगा, काकूंचा संबंध आहे.

- काकू

---

प्रेषक: जुराँगचा सिव्हिलवाला

काकू, तुमचं पत्र मी सायाला वाचून दाखवलं, जमेल तसं इंग्रजीत सांगत. 'मूळ मापाच्या खाली' या वाक्याला तो टेबलावर हात आपटून हसला. म्हणाला, त्याच्या वेळेपर्यंत तो नियमच झाला होता, लहान जॉब चालायचा, वाकडा नाही.

खजिनदारसाहेब, संबंध विचारलात आणि तुम्ही रत्नागिरीचे! ब्रह्मदेशचा थिबा राजा तीस वर्षं कुणाच्या गावात नजरकैदेत होता? सायाला मी एकदा गावी घेऊन गेलो होतो, पुतण्याच्या लग्नाला. तो लग्नातून गायब. सापडला थिबाच्या समाधीपाशी, चप्पल बाहेर काढून उकिडवा बसलेला. मग राजवाडा पाहिला आणि अर्धा तास जिन्याचं लाकूड कसं जोडलंय त्यावर बोलत राहिला. इंजिनिअर तो इंजिनिअर. आणि उलट बाजूने टिळक मंडालेत सहा वर्षं होते, ते तर आपण शाळेतच पाठ केलंय.

आता पेन्शनचं. पेन्शन आहे, पण तिथल्या पैशाचा भरवसा काय? १९८५ मध्ये पुन्हा नोटा रद्द झाल्या. ५ सप्टेंबर १९८७ ला पंचवीस, पस्तीस आणि पंचाहत्तरच्या नोटा रद्द, आणि बदल्यात एक पैसाही नाही. पुढे आल्या पंचेचाळीस आणि नव्वदच्या, कारण त्यांना नवाने भाग जातो आणि ने विनना नऊ हा आकडा लाभायचा म्हणे. विचार करा, कॅल्क्युलस शिकवणारा माणूस बाजारात पंचेचाळीसचे सुटे करतोय. परीक्षेच्या तोंडावर मुलांच्या खिशातली फी कागद झाली. त्या दिवशी पहिली रस्त्यावर आली ती आर.आय.टी.चीच मुलं.

पुढच्या मार्चचं सगळ्यांना माहीत असेल, तरी सांगतो. १२ मार्च १९८८ ला कॉलेजजवळच्या सांदा विन नावाच्या चहाच्या दुकानात टेपवर कोणतं गाणं लावायचं यावरून मारामारी झाली. एका विद्यार्थ्याला जखमी करणारा पोरगा स्थानिक पुढाऱ्याचा मुलगा निघाला आणि सुटला. दुसऱ्या दिवशी मुलं जमली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, केमिकलचा विद्यार्थी फोन मॉ कॉलेजच्या आवारात मेला. त्यातूनच ऑगस्टचं ८-८-८८, म्हणजे ८ ऑगस्ट १९८८ चा देशभरचा उठाव, उभं राहिलं. १३ मार्च हा दिवस बर्मी लोक अजून मानवी हक्क दिन म्हणून पाळतात.

साया त्यावर फारसं बोलत नाही. बोलतो ते नंतरच्या रिकाम्या वर्गांबद्दल. विद्यापीठं १९९१ पर्यंत बंद. १९९६ च्या डिसेंबरात पुन्हा मोर्चे, पुन्हा याच कॉलेजातून, की टाळं थेट २००० पर्यंत. सहा वर्षांच्या डिग्रीला काही जणांना दहा-अकरा वर्षं लागली. उघडल्यावरही मुलांना लांबलांबच्या नव्या कॉलेजांत विखुरलं, एकत्र जमू नयेत म्हणून. इन्सेनच्या मुख्य इमारतीत पदवीचे विद्यार्थी पुन्हा घेतले ते २०१२ मध्ये. या सगळ्यात शिक्षक रोज हजेरीच्या वहीत सही करायला जात होते. वर्गात कुणी नाही. काही जण घरी शिकवण्या घ्यायचे, फी म्हणून तांदूळही चालायचा. सायाने डिझाइन ऑफ स्टील स्ट्रक्चर्स असं एका साया-मांच्या (म्हणजे शिक्षिकेच्या) स्वयंपाकघरात शिकून पूर्ण केलं. आज तो ज्या पाकिटात पैसे घालतो त्यातलं एक त्यांचं आहे.

आणि २०२१ च्या फेब्रुवारीत लष्कराने सत्ता घेतल्यानंतर काय झालं? लष्कराविरुद्ध कामावर बहिष्कार घातला म्हणून विद्यापीठांतल्या हजारो शिक्षकांना निलंबित केलं. त्यांना ना पगार ना पेन्शन. ही यादी सायाकडे वेगळी आहे. ती तो मोठ्याने वाचत नाही, आणि मीही इथे त्यावर जास्त लिहीत नाही.

यंदा २८ मार्चला भूकंप झाला, ७.७ चा. सगाइंगचा जुना आवा पूल कोसळला. १९३४ चा पूल, १९४२ मध्ये माघार घेताना इंग्रजांनी स्वतःच उडवला होता, १९५४ मध्ये पुन्हा जोडला. त्या आठवड्यात साया रात्री दोन-दोनपर्यंत जागा असायचा. वर्गमित्र फोनवर भेगा पडलेल्या खांबांचे फोटो पाठवायचे, हा इथून सांगायचा, या घरात झोपा, त्या घरात नका झोपू. मध्येच एखादा फोटो गुरुजींना पाठवून विचारायचा. ८६ वर्षांचे गुरुजी भिंगातून बघून उत्तर द्यायचे, 'ही भेग प्लॅस्टरची आहे. घाबरवू नकोस त्यांना.'

- सि.वा.

---

प्रेषक: पुंगोलचा (आयटीवाला, पण वाचतो)

माझी मॅनेजर बर्मी आहे. तिने सांगितलं की त्यांच्याकडे १९७१ च्या सुमारास विद्यापीठांसाठी संगणक केंद्र सुरू झालं होतं, आय.सी.एल. या ब्रिटिश कंपनीचं मशिन. मी तिला म्हटलं, त्या वर्षी माझे बाबा लॉग टेबल वापरत होते.

कार्यक्रमाला मदत हवी तर सांगा. प्रोजेक्टर माझ्याकडे आहे.

---

प्रेषक: खजिनदार

सर्वांना नमस्कार.

समितीशी बोललो. गुरुजींना निमंत्रण देऊ. वेळ वीस मिनिटं. (सिव्हिलवाले प्रास्ताविक करणार असतील तर त्यांची पाच त्यातूनच जातील.) मंडळ वर्गणी गोळा करणार नाही, डबा ठेवला जाणार नाही. ज्याला सायांना आपल्या हाताने पाकीट द्यायचं असेल त्याने द्यावं, तो दोघांमधला प्रश्न, माझ्या वहीत येणार नाही. माझं पाकीट तयार आहे, हे कृपया इतिवृत्तात घेऊ नये.

व्यासपीठावर चढायला तीन पायऱ्या आहेत. गुरुजींना खालीच पहिल्या रांगेत, कडेची खुर्ची. शाल रद्द. मसालेभातात काजू कमी घाला अशी विनंती गेल्या वर्षीही केली होती.

समाधीपाशी चप्पल काढतात हे मला माहीत नव्हतं. पुढच्या वेळी लक्षात ठेवीन.

- खजिनदार

---

प्रेषक: क्लेमेंटीच्या काकू

मी येते आहे. मुलगी सोडायला येईल.

एक विचारून ठेवा. गुरुजी ८६ चे म्हणजे १९६२-६३ ला तेवीस-चोवीसचे असणार. तेव्हा ते वर्कशॉपला होते की ड्रॉइंगला? वर्कशॉपला असतील तर मी आधी वाकून नमस्कार करीन, जमिनीवर बसणं गुडघ्यांना झेपणार नाही हे त्यांना समजावून सांगा. ड्रॉइंगला असतील तर एक तक्रार आहे. भावाला त्या पत्रात ड्रॉइंगचे शंभरपैकी एकसष्ट दिलेत. तो शेवटपर्यंत म्हणायचा, सत्तर तरी हवे होते. पत्राची प्रत वहिनीकडून मागवली आहे, बरोबर आणते.

- काकू