लिसुराइड ५-एचटी२ए ला बसतं, मग भास का होत नाहीत?

प्रश्न: भास घडवणारं एलएसडी आणि त्याच्यासारखीच रचना असूनही भास न घडवणारं लिसुराइड हे औषध, दोन्ही ५-एचटी२ए या सेरोटोनिन रिसेप्टरला (पेशीवरचं संदेश घेणारं प्रथिन) घट्ट बसतात. एचईके२९३ पेशींच्या (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी) कॅल्शियम चाचणीत लिसुराइड अर्धवट अ‍ॅगोनिस्ट (रिसेप्टर थोडासाच चालू करणारं) दिसतं, तरी उंदीर डोकं झटकत नाहीत (हे झटके भासांची खूण मानतात). फरक जीक्यूच्या (रिसेप्टरचा संदेश पेशीत नेऊन कॅल्शियम वाढवणारं प्रथिन) जोराचा, की बीटा-अरेस्टिनकडच्या (संदेशाची दुसरी वाट धरणारं प्रथिन) कलाचा?

उत्तर १: आधी चाचणीच तपासा. कॅल्शियमचं शिखर काही सेकंदांत येऊन जातं. एलएसडी सावकाश बसतं, सुटायला तर तास लागतात. म्हणून ते उगाच कमजोर दिसतं. त्यापेक्षा लिथियम क्लोराइड घालून तासभर तरी आयपी१ (जीक्यूच्या वाटेवर तयार होणारा पदार्थ; लिथियममुळे तो मोडत नाही) साठू द्या. पेशी वाढवायचं सीरम डायलाइझ केलेलंच (लहान रेणू गाळून काढलेलं) हवं. साध्या सीरममध्ये सेरोटोनिन असतं, रिसेप्टर आधीच थकलेले मिळतात.

उत्तर २: पेशींत रिसेप्टर ठासून भरले असतील तर अर्धवट अ‍ॅगोनिस्टही पूर्ण वाटतो, हेही धरा. माझं मत जीक्यूच्या बाजूने. पण लिसुराइड ५-एचटी१ए या दुसऱ्या सेरोटोनिन रिसेप्टरवरही जोरात चालतं आणि तो रिसेप्टर झटके दाबतो. ते वेगळं काढायला ५-एचटी१ए अडवणारं डब्ल्यूएवाय-१००६३५ वापरतात. मात्र ते डी४ या डोपामाइन रिसेप्टरवरही बसतं.

प्रश्नकर्ता: एल२२९ए म्युटंट (५-एचटी२ए च्या झाकणातलं एक अमिनो आम्ल बदललेला रिसेप्टर) घेऊ का?

उत्तर १: घ्या. झाकण (बसलेल्या रेणूवर येणारा रिसेप्टरचा भाग) सैल होऊन एलएसडी लवकर सुटतं. अरेस्टिनचा सिग्नल पडतो, जीक्यूचा फारसा नाही.