सर्चमध्ये नवे दस्तऐवज वर कसे आणावेत?

शोधकिडा: ऑफिसच्या अंतर्गत सर्चला इलास्टिकसर्च हे सर्च इंजिन आहे. 'प्रवास भत्ता' टाकलं की २०१४ चं परिपत्रक पहिलं, सध्या लागू असलेलं पार दुसऱ्या पानावर. तारखेने सॉर्ट केलं तर 'प्रवास' हा शब्द ओझरता आलेली कालची नोटीस डोक्यावर बसते. मधला मार्ग सुचवा.

निळी शाई: सॉर्ट नकोच. फंक्शन स्कोअर क्वेरीत (जिथे दस्तऐवजाचा स्कोअर आपल्याला बदलता येतो) तारखेवर डिके फंक्शन, म्हणजे वय वाढेल तसं १ पासून घटत जाणारं मूल्य, लावा आणि ते मूळ स्कोअरला गुणा. मूळ स्कोअरमध्ये थेट मिळवू नका. बीएम२५ चा, म्हणजे शब्दांच्या जुळणीवरून निघणारा मूळ स्कोअर एका क्वेरीला ४ तर दुसरीला ३० येऊ शकतो. मिळवलेला तोच आकडा एकीकडे सगळा क्रम उलथवेल, दुसरीकडे जाणवणारही नाही.

आणि उदाहरणांत दिसतं म्हणून डिकेचा गॉस हा प्रकार उचलू नका, एक्स्प हा प्रकार घ्या. स्केल १ वर्ष, डिके ०.५ (म्हणजे तेवढ्या वयाला मूल्य ०.५) धरलं तर वर्षभर जुन्याला गॉस आणि एक्स्प दोन्ही ०.५ देतात. पण ३ वर्षं जुन्याला एक्स्प ०.१२५ देतं, गॉस जेमतेम ०.००२. म्हणजे नेमकं उत्तर असलेला एकुलता एक जुना दस्तऐवज गेला तळाला! मी एक्स्पसोबत १ चं स्थिर वेट जोडतो, स्कोअर मोड सम, म्हणजे दोन्हींची बेरीज. गुणक १ ते २ मध्येच राहतो, जुन्याचं काही कापलं जात नाही.

पानगळ: +१. सोलर हे दुसरं सर्च इंजिन वापरणाऱ्यांसाठी: वयानुसार घटणारं रेसिप फंक्शन, ३.१६ई-११ हा गुणांक (मिलिसेकंदांचं वर्षांत रूपांतर), एडिसमॅक्स या क्वेरी पार्सरच्या 'बूस्ट'मध्ये, तिथे गुणाकार होतो. त्याच्याच 'बीएफ' या पॅरामीटरमध्ये टाकलंत तर बेरीज होते.

निळी शाई: एक राहिलंच. तारीखच नसलेल्या दस्तऐवजाला इलास्टिकचं डिके १ देतं, म्हणजे तो आजचा ठरतो. आधी किती रिकामे आहेत ते बघा.

शोधकिडा: बघितलं. रिकामे थोडेच आहेत, पण 'शेवटचा बदल' बहुतेकांचा एकाच दिवशीचा निघाला, सर्व्हर बदलला तेव्हाचा 🤦

पानगळ: मग त्यावर कुठलंही डिके लावा, फरक शून्य. प्रकाशनाची तारीख घ्या. ती मेटाडेटात नसेल तर परिपत्रकाच्या मजकुरात वरतीच असते, इंडेक्स करताना उचलता येते.

शिवाय २०१४ चं परिपत्रक रद्द झालंय ना? मग त्याचं दुखणं वय नाहीच. 'रद्द' असा फील्ड ठेवा आणि सरळ फिल्टर करा. उद्या २०१२ चा एखादा नियम अजून लागू असला तर त्याला उगाच शिक्षा कशाला?

शोधकिडा: पटलं. रद्द परिपत्रकांची यादी प्रशासन विभागाकडे आहे, पण स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये. मराठी ओसीआरला (चित्रातला मजकूर वाचून काढायला) टेसरॅक्ट हे सॉफ्टवेअर पुरेल का?

पानगळ: छापील असेल तर पुरावं. परिपत्रक क्रमांक तेवढे डोळ्याखालून घाला.