मदत हवी आहे: रस्त्यावरच्या लाइटच्या पोलवर लावलेले हे अँटेनावाले डबे नक्की कसले?

गच्चीवरची:

मंडळी, इलेक्ट्रिकल किंवा टेलिकॉमवाले कोणी असाल तर जरा वाचा. आमच्या सोसायटीसमोरच्या रस्त्यावर दिवाळीनंतर शिडीची गाडी आली, हेल्मेट घातलेली दोन-तीन मुलं एकेका पोलवर चढली, काहीतरी बसवलं आणि गेली, वॉचमनने विचारलं तर "साहेबांना माहीत" एवढंच. कोण साहेब ते शेवटपर्यंत कळलं नाही. वॉर्ड ऑफिसला फोन केला तर त्यांनी वीज कंपनीकडे पाठवलं, वीज कंपनीने परत वॉर्ड ऑफिसकडे.

आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे त्यामुळे एक लाइट गॅलरीच्या अगदी समोर येतो आणि मला वरून नीट दिसतं. तीन वेगवेगळ्या वस्तू आहेत.

पहिली जवळजवळ प्रत्येक पोलवर आहे, एलईडी फिटिंगच्या डोक्यावर, उपडं ठेवलेलं फुलपात्र असावं तशी करडी प्लास्टिकची टोपी. बाजूला क्यूआर कोडचा स्टिकर, एका अंगाला दुधी रंगाची छोटी खिडकी, वर बाण कोरलाय. स्क्रू कुठेच दिसत नाही.

दुसरी फक्त एकाच पोलवर, साधारण बारा-तेरा फुटांवर, पांढरट डबा, दोन पट्ट्यांनी आवळलेला, खाली दोन काळ्या अँटेना, एक जाड एक बारीक, आणि एक काळी केबल पोलच्या बाहेरून खाली येऊन फुटपाथवरच्या मीटरच्या पेटीत गेलीय. ही केबल लाइटच्या वायरीशी कुठेच जोडलेली दिसत नाही.

तिसरी कोपऱ्यावरच्या पोलवर, सगळ्यात वर उभा पांढरा नळकांडा, दोनेक फूट उंच, त्याच्या खाली पत्र्याची पंखेवाली पेटी आणि बाजूला पातळ काळ्या वायरचं वेटोळं लटकवलंय.

सोसायटीच्या ग्रुपवर अर्थातच सगळ्यांना सगळं माहीत आहे. एक म्हणतात फाइव्ह-जी, एक म्हणतात चलान फाडणारे कॅमेरे, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं डोकं म्हणे तेव्हापासूनच दुखतंय. मला घाबरायचं नाहीये, फक्त ते काय आहे आणि कोणाचं आहे एवढं कळलं तरी पुरे. जाणकारांनी प्रकाश टाकावा (पोलवरचा नको, तो रात्रभर बेडरूममध्ये येतोच).

फेज_न्यूट्रल:

ताई, पहिलं डोळे झाकून सांगतो, तो लाइटचाच कंट्रोलर आहे, आम्ही नोड म्हणतो. फिटिंगच्या डोक्यावर नेमा नावाचं ठरावीक मापाचं सॉकेट असतं, त्यात हा दाबायचा आणि पिळून लॉक करायचा, म्हणून स्क्रू नाही. आधी त्या सॉकेटला तीनच पिना असायच्या, लाइन, न्यूट्रल आणि लोड, त्यावर साधा फोटोसेल बसायचा, अंधार पडला चालू, उजाडलं बंद. आता सात कॉन्टॅक्टवालं येतं, तीन तेच आणि वर चार बारीक, डिमिंगला म्हणजे लाइट मंद करायला आणि सेन्सरला. दुधी खिडकी म्हणजे तोच फोटोसेल. बाण बहुतेक उत्तरेकडे असेल बघा, सूर्य थेट आत येऊ नये म्हणून खिडकी उत्तरेला ठेवायची पद्धत आहे, पण घाईत बसवणारी पोरं कशीही पिळून जातात.

क्यूआर कोड कशाला, तर बसवताना तो स्कॅन करतात आणि मोबाइलवरून जागा नोंदवतात, म्हणजे ऑफिसातल्या नकाशावर कुठला पोल बंद आहे ते कळतं.

आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी असा पोल-पोल कंट्रोल नसतो. फीडर पिलरमध्ये, म्हणजे रांगेला सप्लाय देणाऱ्या रस्त्याकडेच्या पेटीत, सीसीएमएस पॅनल असतं, सगळी रांग एकत्र चालू-बंद करणारं, आत सिमकार्ड, ते संध्याकाळी अख्ख्या लाइनला सप्लाय सोडतं आणि सकाळी तोडतं. २०१५ मध्ये पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि जागोजागी एलईडी लागले, त्या कामांत ही पॅनलं खूप बसली. आता तुमचा दुसरा डबा ओळखायला नेमकी हीच गोष्ट कामाला येते. लाइन पॅनलवर असेल तर दिवसा पोलमध्ये सप्लायच नसतो, मग ज्या वस्तूला चोवीस तास चालायचंय तिला एकतर आतमध्ये बॅटरी लागते नाहीतर बाहेरून वेगळी केबल. तुमच्या दोन नंबरला बाहेरून केबल आहे म्हणजे तो लाइटखात्याचा असण्याची शक्यता कमी. टोपी म्हणजे नोडच आहे हे पक्कं करायला दोन गोष्टी बघा, रात्री उशिरा लाइट मंद होतात का, आणि दिवसा एखादा लाइट चुकून चालू दिसतो का.

अर्धवट_इंजिनिअर:

+१. मोबाइलवर ब्लूटूथ स्कॅन करायचं फुकट अॅप टाका आणि पोलखाली उभ्या राहा, बऱ्याच नोडना सेटिंगसाठी ब्लूटूथ असतं, नाव म्हणून अक्षरं-आकडे दिसतात. काहीच नाही दिसलं म्हणजे वायरलेस नाही असं मात्र समजू नका. हे नोड बहुधा ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर बोलतात, तो पट्टा आपल्याकडे २००५ पासून विनापरवाना वापरता येतो, आणि मोबाइलला तो ऐकूच येत नाही. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग टोलवर वाचला जातो तोही ह्याच पट्ट्यात.

सँडिएगोकर:

इथे अमेरिकेत राहतो म्हणून वेगळं सांगतो. कॅमेऱ्याची शंका हसण्यावारी नेऊ नका. आमच्या सॅन डिएगोत २०१६ च्या शेवटी लाइटच्या पोलवर तीन हजारांहून जास्त सेन्सर लावायचं ठरलं, सांगितलं काय तर ट्रॅफिक मोजणार, पार्किंग शोधणार, वीज वाचणार. आत कॅमेरेही होते, २०१८ पासून पोलीस त्यातलं फुटेज तपासाला वापरायला लागले आणि बहुतेक लोकांना ते कळलं २०१९ मध्ये. मग इतका गदारोळ झाला की २०२० च्या सप्टेंबरात मेयरनी ते बंद करायला लावले. पुढे शहराने अशा साधनांसाठी वेगळा नियमच केला.

तेव्हा ताई, टोपीच्या पोटाखाली किंवा कडेला काळी गोल काच आहे का बघाच. दुधी खिडकी असेल तर फोटोसेल, त्यातून काही शूट होत नाही. चकचकीत काळी काच रस्त्याकडे रोखलेली असेल तर विचारायलाच हवं.

गच्चीवरची:

सगळ्यांचे आभार, लगेच बघून आले. काळी काच कुठेच नाही, ना टोपीला ना डब्याला. आणि फेज_न्यूट्रल दादा, तुम्ही म्हणता तसंच आहे, साडेअकराच्या सुमाराला सगळी रांग एकदम मंद होते, आमच्यासमोरचा एक सोडून, तो पहाटेपर्यंत भगभगत असतो. इतके दिवस मला वाटायचं माझाच डोळा लागतो म्हणून मंद दिसतं. ब्लूटूथवर पोलाखाली एक लांबलचक नाव आलं, पुढच्या पोलाखाली तसंच पण शेवटचे आकडे वेगळे. म्हणजे पहिलं प्रकरण मिटलं. दुसरं आणि तिसरं बाकी आहे. डब्यावर खाली एक पिवळा स्टिकर आहे, "धोका" आणि कवटी, बाकी अक्षरं उन्हाने उडालीत.

फेज_न्यूट्रल:

तो एक भगभगणारा आहे ना, त्या नोडची डिमिंगची वायर सुटली असेल किंवा नोड बाकीच्यांशी बोलत नसेल, तक्रार टाका, फोटोबरोबर पोल नंबर नक्की द्या.

एक सांगायचं राहिलं. नोडवाल्या रांगेत लाइन दिवसभर चालू ठेवावी लागते, नाहीतर नोडच बंद पडेल. म्हणजे पूर्वी दुपारी पोलमध्ये करंट नसायचा, आता असतो. पावसाळ्यात पोलच्या बुडाशी झाकण उघडं दिसलं तर मुलांना लांब ठेवा आणि त्याची तक्रार आधी करा, डब्यांचं नंतर बघू.

मीटरवाला_माणूस:

दोन नंबरचं मी सांगतो, हेच काम करतो. दोन अँटेना, एक जाड एक बारीक, वेगळी केबल, शेजारी मीटरची पेटी, आणि गल्लीत असा एकच डबा. हा गेटवे आहे, म्हणजे आकडे गोळा करून पुढे पाठवणारा डबा, आमच्याकडे डीसीयू म्हणतात. घरोघरचे स्मार्ट मीटर एकमेकांना रेडिओवर आकडे देत देत इथवर पोचवतात, ती एक अँटेना, आणि इथून ते सिमकार्डवरून सर्व्हरला जातात, ती दुसरी. म्हणून पोल एकच लागतो, जरा उंच आणि मोकळा. सगळीकडे ही पद्धत नाही, पुष्कळ मीटरमध्ये थेट सिमच असतं, तिथे असा डबा दिसणारच नाही. तुमच्या बिल्डिंगमध्ये मीटर बदललेत का? बदलले असतील तर मीटररूममध्ये जाऊन बघा, मीटरवर सिग्नलचं चिन्ह किंवा आरएफ (म्हणजे रेडिओ) लिहिलेलं असेल.

लाइटच्या नोडचाही असाच गेटवे असू शकतो, दिसायला भाऊभाऊ. फरक केबलवरून. ती मीटरच्या पेटीत जातेय म्हणजे कोणीतरी ह्या विजेचं वेगळं बिल भरतंय. पेटीच्या दारावर ग्राहक क्रमांक रंगवलेला असेल तर तो टिपून घ्या, पेटी उघडू नका.

गच्चीवरची:

मीटर गेल्या वर्षीच बदललेत!! आणि पेटीवर नंबर आहे, लाल रंगात, अर्धा पुसलेला. धन्य आहात. आता नळकांडा.

अर्धवट_इंजिनिअर:

नळकांडा मोबाइलचाच दिसतोय, ह्याला स्मॉल सेल म्हणतात. ओळखीची खूण नळकांड्यापेक्षा ते लटकवलेलं वेटोळं, ती फायबर आहे, जास्तीची लांबी गुंडाळून ठेवतात. लाइटला किंवा मीटरला फायबर कशाला लागेल. गर्दीच्या कोपऱ्यावर मोठ्या टॉवरवरचा भार कमी करायला हा कमी ताकदीचा छोटा टॉवर लावतात. फोर-जी की फाइव्ह-जी ते बाहेरून सांगता येणार नाही, दोन्ही असू शकतं.

गुपचूप लावलाय असंही नाही. लाइटचे पोल, बसस्टॉप वगैरेंवर असे सेल लावायला ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या राइट ऑफ वे नियमांत (टेलिकॉम कंपन्यांना जागा वापरू देण्याचे नियम) वाट मोकळी केली, शहरात एका पोलला वर्षाला फक्त ३०० रुपये. त्यानंतर २०२३ च्या दूरसंचार कायद्याखालचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेत. माझं मत विचाराल तर तीनशे रुपयांत पोल आणि रहिवाशांना एका ओळीची पाटीसुद्धा नाही हे काही बरोबर नाही, पण परवानगीचा कागद कुठेतरी असणार.

काकूंना सांगा, टोपी दिवसातून थोडा थोडा वेळच बोलते. स्मॉल सेल सतत चालू असतो, पण भारतात मोबाइल अँटेनांच्या रेडिएशनची मर्यादा १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांश आहे. तरी शंका असेल तर दूरसंचार खात्याच्या तरंग संचार पोर्टलवर फी भरून मोजणी मागता येते. आणि डोकेदुखीसाठी डॉक्टरांकडे पाठवा, पोलकडे बघत बसण्यात वेळ नको.

गच्चीवरची:

काकू म्हणतात मोजणीचे पैसे सोसायटीने भरावेत :D

सेल नक्की कोणत्या कंपनीचा आणि परवानगी कोणी दिली हे आता माहिती अधिकारात विचारते. मसुदा असा केलाय, "आमच्या रस्त्यावरील पोलवर ही यंत्रे का बसवली, नागरिकांना विश्वासात का घेतले नाही, ह्याने आरोग्याला धोका आहे का, तसेच स्मार्ट मीटरचा डबा कोणाचा ह्याची माहिती मिळावी." ठीक आहे का?

मसुदेवाला:

नाही, असा टाकलात तर कोरडं उत्तर येईल. माहिती अधिकारात त्यांच्याकडे असलेला कागद मागायचा, "का" आणि "धोका आहे का" ह्याला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. शिवाय महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची अट आहे, तुम्ही डबा आणि सेल एकत्र केलेत तर तेवढ्यावरून परत पाठवतील. दोन अर्ज करा, दहा-दहा रुपये, ऑनलाइन होतं. सेलचा असा लिहा:

"पोल क्र. (इथे नंबर) वर मोबाइल अँटेना बसवण्यासाठी दिलेल्या परवानगीची प्रत, अर्जदार कंपनीच्या अर्जाची प्रत, आकारलेल्या शुल्काच्या पावतीची प्रत आणि परवानगीच्या अटींची प्रत मिळावी."

पोल कोणाच्या मालकीचा ते आधी बघा, पोलवर रंगवलेल्या नंबरच्या आधीच्या अक्षरांवरून कळतं, अर्ज तिथल्या जनमाहिती अधिकाऱ्याला. चुकीच्या ऑफिसात गेला तरी पाच दिवसांत पुढे पाठवणं त्यांचं काम आहे, तुम्हाला हेलपाटे नाहीत. उत्तराला तीस दिवस. नाही आलं तर पहिलं अपील त्याच ऑफिसात, त्याला वेगळा मसुदा लागतो, तेव्हा इथेच विचारा.

गच्चीवरची:

पोलवर अक्षरं आहेत पण त्यावर क्लासवाल्यांची जाहिरात चिकटवलीय. उद्या खरवडून बघते आणि नंबर टाकते.